गावाची यादी, शेरा वगळून

मंडळाच्या वेबसाइटचं काम माझ्या गळ्यात बाबांनी घातलं, तेही मला न विचारता. भांडुपला आमच्या गावच्या मुंबईकरांचं एक मंडळ आहे. बाबा त्याच्या कमिटीत आहेत. कमिटीच्या बैठकीत त्यांनी परस्पर सांगून टाकलं की घरातच माणूस आहे, बाहेर कोणाला द्यायची गरज नाही. मला हे आईकडून कळलं. मी अंधेरीला एका सॉफ्टवेअर कंपनीत बारा वर्षं नोकरी करते, पण बाबांच्या लेखी वेबसाइट म्हणजे लग्नपत्रिका छापण्याएवढं काम. एका रविवारी बसलं की झालं.

तसं बघितलं तर काम लहानच होतं. मंडळाकडे गावच्या घरांची यादी होती. कोणतं घर कोणत्या वाडीतलं, मुंबईत राहतं कुठे, घरात माणसं कोण कोण, फोन नंबर काय. ही यादी सगळ्यात जास्त लागते ती कोणी गेल्याची बातमी कळवायला. आजोबा गिरणीत होते तेव्हा अर्धं गाव दोन चाळींत राहायचं. खाली उभं राहून एकाने हाक मारली की सगळ्यांना कळायचं. आता कोणी बोरिवलीला, कोणी बदलापूरला, कोणी पार विरारच्या पुढे. मागे एका माणसाला सख्ख्या भावाच्या जाण्याची बातमी तिसऱ्या दिवशी लागली, कारण यादीतला नंबर जुना होता. म्हणून यादी प्रत्येकाला फोनवर दिसावी, आणि नंबर बदलला तर घरच्यांनी तो स्वतःच दुरुस्त करावा, एवढीच मंडळाची मागणी होती. हे ऐकल्यावर मला नाही म्हणता आलं नाही.

यादी होती मंडळाच्या सेक्रेटरीकाकांच्या घरी, त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये. काका विक्रोळीच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. स्टोअरमधल्या प्रत्येक बोल्टाचं कार्ड ठेवायची सवय असलेला माणूस. रिटायर झाल्यावर तीच सवय त्यांनी गावाला लावली. वीसेक वर्षांपूर्वी कोणा भाच्याने त्यांना एक प्रोग्रॅम करून दिला होता. भाचा नंतर परदेशात गेला, प्रोग्रॅम मात्र तसाच चालू राहिला. कॉम्प्युटरवर भरतकाम केलेलं कापड घातलेलं असायचं. ते काढायचं कोणी, तर फक्त काकांनी.

पहिल्या रविवारी मी पेनड्राइव्ह घेऊन गेले. मला वाटलं होतं पंधरा मिनिटांत फाइल घेऊन निघू. काकांनी पेनड्राइव्हकडे बघून मान हलवली.

"काय व्हया ता हंय बसान कर," ते म्हणाले. "मशीन भायर जावचा नाय, आणि ह्या लावचा नाय. व्हायरस येतत."

मी बसले. प्रोग्रॅममधून रेकॉर्ड बाहेर काढायचं एक बटण होतं, ते दाबल्यावर फाइल मिळाली, आणि ती उघडली तर एकही अक्षर वाचता येईना. सगळी यादी जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली. तो फॉन्ट काकांच्या मशीनवर होता म्हणून तिथे मराठी दिसायचं. बाहेर काढलं की नुसती इंग्रजी अक्षरं, टक्के, कंस आणि स्वल्पविराम. ते बदलून नीट मराठी करणारं साधन मिळतं, पण त्यातही पहिली वेलांटी भलत्या अक्षराला चिकटायची आणि रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसायचा. आडनावांची पार वाट लागलेली. शेवटी काका स्क्रीनवर बघून मोठ्याने वाचणार आणि मी माझ्या लॅपटॉपवर तपासत जाणार, असं ठरलं. तीन रविवार त्यात गेले. दुसऱ्या रविवारी मी नवीन पेनड्राइव्ह त्यांच्यासमोर पाकीट फोडून दाखवला, तेव्हा कुठे तो लावायची परवानगी मिळाली.

यादीत वेगळीच गंमत होती. जन्मतारीख कुठेच नव्हती, नुसतं वय होतं, आणि वय एकदा लिहिलं ते लिहिलं. माझा भाऊ आता एकतीस वर्षांचा आहे, त्या यादीत तो अकरा वर्षांचा होता. वारलेल्या माणसांच्या नावापुढे 'कै.' लावलं होतं, पण वय त्यांचंही जिवंत माणसांसारखंच लिहिलेलं. एकाच नावाची, एकाच बापाच्या नावाची, एकाच वाडीतली दोन माणसं होती, ती ओळखायची कशी, तर एक विहिरीजवळचा आणि एक पोस्टातला. मी वय काढून टाकते म्हटलं तर काका तयार नव्हते. मी यादी आडनावाप्रमाणे लावली तर तेही चाललं नाही. गावात पालखीच्या वेळी ज्या घराचा पहिला मान, ते घर यादीतही पहिलं हवं. त्यासाठी मी क्रमाचा एक वेगळा रकाना केला. तो भरायला कमिटीने तीन बैठका घेतल्या आणि त्यातल्या एका बैठकीत दोन माणसांचं बोलणं बंद झालं ते अजून बंद आहे. मी ऑफिसात परदेशी गिऱ्हाइकांची कामं करते. त्यांनी मला कधी एवढं छळलं नाही.

नवं अ‍ॅप पहिल्यांदा सुरू करतो तेव्हा त्याचा डेटाबेस कोरा असतो. सुरुवातीची माहिती ज्या फाइलमधून त्यात भरतात तिला आमच्यात सीड फाइल म्हणतात. जुन्या प्रोग्रॅममधून निघालेली रेकॉर्ड साफ करून मी अशी एक फाइल तयार केली. ती चालवली की आधी डेटाबेसमधलं असेल नसेल ते सगळं पुसायचं आणि मग फाइलमधली घरं एका मागोमाग एक भरायची. माझ्या लॅपटॉपवर दिवसातून वीस वेळा मी ती चालवत होते. नात्याच्या रकान्यात काकांनी जी नाती वापरली होती ती सगळी उचलून मी अ‍ॅपमध्ये निवडायची यादी केली. पत्नी, मुलगा, सून, नातू, नात, आई, अशी काहीतरी. आणि जे कशातच बसत नाही त्याच्यासाठी शेवटी 'इतर'. पाच मिनिटांचं काम, मी त्याकडे दुसऱ्यांदा बघितलंही नाही.

जुन्या यादीत सगळ्यात शेवटचा रकाना होता 'शेरा'. तिसऱ्या रविवारी आम्ही तिथे पोचलो. मला वाटलं होतं रिकामा असेल. तो सगळ्यात भरलेला निघाला. 'भावाशी बोलत नाहीत, दोघांना वेगवेगळं कळवावे.' 'सकाळी दहाच्या आत फोन करावा, नंतर घेतलेली असते.' 'पत्नीला एकदम सांगू नये, हृदयविकार.' 'मुलगा घर सोडून गेला आहे, चौकशी करू नये.' वीस वर्षं हा माणूस प्रत्येक मयताला, प्रत्येक बारशाला कानावर आलेलं घरी येऊन टाइप करत होता.

काका मोठ्याने वाचत होते आणि मी स्क्रीनवर बोट फिरवत पुढे जात होते. आमचं घर आलं तेव्हा ते थांबले. मी वाचलं. बाबांच्या नावासमोर लिहिलं होतं, 'थोरल्या मुलीचा विषय काढू नये.'

थोरली मुलगी मीच. तेरा वर्षांपूर्वी मी लग्न केलं, रजिस्टर, घाटकोपरच्या एका गुजराती मुलाशी. बाबा दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. मला मुलगी झाली तेव्हा आईबरोबर हॉस्पिटलात आले, बाळाला घेतलं, आणि तिथून पुढे बोलायला लागले. मधल्या दोन वर्षांबद्दल आम्ही कधी एक शब्द काढला नाही. मी मुलुंडला राहते, दर रविवारी भांडुपला जाते, बाबा माझ्या नवऱ्याशी क्रिकेटवर तासन्‌तास बोलतात. मी धरून चालले होते की ते सगळं संपलं. आणि इकडे मंडळाच्या दफ्तरी ती ओळ तेरा वर्षं तशीच होती. आमच्या घरात माणसं तीन. बाबा, आई आणि अकरा वर्षांचा भाऊ.

मी काकांना विचारलं की माझं नाव कुठाय. ते म्हणाले, लग्न झालं की मुलीचं नाव कमी होतं, सगळ्यांचंच होतं, तुझं एकटीचं नव्हे. आणि हा शेरा? त्यांनी सांगितलं की त्या काळात कोणी सहज जरी विचारलं, थोरली काय करते, तर बाबा असतील तिथून उठून जायचे. एकदा तर भर पंगतीतून, हात न धुता. माणसं काय, विचारतातच. म्हणून लिहून ठेवलं, फोन करणाऱ्याला माहीत असावं म्हणून.

मी म्हटलं, त्याला अकरा वर्षं झाली, बाबा आता बोलतात, तुम्हीच आम्हाला दर गणपतीत एकत्र बघता. मग काढलं का नाही?

"तुझ्या बापाशीन काढूक सांगूक नाय," काका म्हणाले. "मगे मी कसो काढू?"

स्टोअरमधला माल ज्याच्या सहीने आला त्याच्याच सहीने बाहेर जाणार. मी रागावले होते, पण कोणावर ते ठरत नव्हतं. मी त्यांना एवढंच सांगितलं की शेऱ्याचा रकाना मी नव्या यादीत घेणार नाही. कोणाचाच नाही. लोक आपापल्या फोनवर स्वतःबद्दल हे वाचतील का. यावर मात्र काका दुखावले. शेरा सोडून बाकी काय आहे त्या यादीत, त्यांनी विचारलं. नंबर कोणीही देईल. फोन लावल्यावर काय बोलायचं आणि काय नाही, ते या रकान्यात आहे. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, ते मला तेव्हाही कळत होतं. पण मी अडून बसले. शेरा त्यांच्या मशीनवर राहिला, बाकीचं मी घेऊन आले.

पुढच्या बैठकीत यादी सगळ्यांना दाखवली. कमिटीतल्या माणसांनी आपापली घरं शोधली, फोटो काढले, गावी पाठवले. प्रत्येक घराच्या कर्त्या माणसाला मी पासवर्ड दिला आणि सांगितलं की आपल्या घराची माहिती चुकली असेल तर तुम्हीच दुरुस्त करा. माझी खात्री होती की कोणी काही करणार नाही. आमच्या लोकांना मी ओळखते. स्वतः दुरुस्ती करण्यापेक्षा चूक झाली म्हणून फोन करणं त्यांना जास्त आवडतं.

तसा फोन आलाही. आठवड्याने, गुरुवारी, मी ऑफिसात असताना. एका वाडीतली पंधरावीस घरं दुसऱ्या वाडीत दिसत होती आणि ती दुसरी वाडी कोणती, तर जिच्याशी पहिलीचं पाण्यावरून जुनं वैर. काकांचा आवाज चढलेला. आजच्या आज झालं पाहिजे. मी बघितलं तर माझीच चूक होती, वाड्यांचे नंबर एका जागी एकाने सरकले होते. जेवणाच्या सुट्टीत मी सीड फाइल दुरुस्त केली आणि आपली रोजची सवय, ती चालू वेबसाइटवर चालवून टाकली. वाड्या जागेवर आल्या. मी काकांना तसं कळवलं आणि कँटीनमध्ये जाऊन जेवले.

जेवताना माझ्या मनात आलं नाही की त्या आठ दिवसांत लोकांनी काही लिहिलं असेल. ते पुसून गेलं होतं. शुक्रवारी सकाळी आमची रोजची मीटिंग चालू असताना फोन थरथरायला लागला तो थांबेना. नऊ घरांनी दुरुस्त्या केल्या होत्या. कोणी नवे नंबर घातले होते, कोणी सुनेचं नाव, एकाने वडिलांच्या नावापुढचं 'कै.' काढलं होतं, कारण वडील जिवंत होते आणि रागावले होते. ते सगळं जुन्यासारखं झालं. वडील पुन्हा कैलासवासी. मी एकेकाला फोन करून माफी मागितली. बॅकअप ठेवायची सोय मी घेतलीच नव्हती, एवढ्याशा यादीला कशाला म्हणून. हे जर माझ्या हाताखालच्या कोणी केलं असतं तर मी त्याला काय काय बोलले असते, ते मला माहीत आहे.

नऊ घरांपैकी आठांचे फोन आले. नववं कोणतं ते मी शोधलं नाही. सर्व्हरच्या नोंदीत नुसतं दिसत होतं की आणखी एका घरातून बुधवारी दुपारी काहीतरी बदललं होतं. मला वाटलं, ज्याचं असेल तो करेल फोन.

रविवारी भांडुपला गेले. बाबा खिडकीपाशी पेपर वाचत बसलेले. मी आल्यावर पेपर खाली झाला नाही. जेवताना मुलीशी बोलले, नवऱ्याला बांगड्याचं तिखलं वाढायला आईला सांगितलं, माझ्याकडे बघितलं नाही. हे न बघणं मला ओळखीचं होतं. तेरा वर्षांपूर्वी दोन वर्षं बघितलं होतं. मला आधी राग आला, की आता परत काय झालं, आणि यांचं काम करून वर हे. जेवण झाल्यावर मी भांडी घेऊन आत गेले आणि आईला विचारलं.

आईने नळ चालू ठेवून सांगितलं. सेक्रेटरीकाका बाबांना भेटले होते. पोरीने शेरा वाचला, असं त्यांनी सांगितलं. बुधवारी दुपारी बाबा झोपले नाहीत. चष्मा लावून फोन घेऊन बसले ते चार वाजेपर्यंत. मग आईला दाखवलं. घरातल्या माणसांत माझं नाव घातलं होतं. शुक्रवारी सकाळी फिरायला जातात तिथल्या एका मित्राला दाखवायला म्हणून त्यांनी फोन उघडला, तर नाव नव्हतं. घरात पुन्हा तीन माणसं.

"तू पुसलंस असं त्यांना वाटतं," आई म्हणाली. "मी म्हटलं, असं कसं करील ती. तर म्हणे, तिच्याशिवाय कोणाला येतं ते."

मी हात पुसून बाहेर आले. नवरा आणि मुलगी खाली गेले होते. मी बाबांच्या समोर बसले आणि सांगितलं की मी नाही पुसलं. म्हणजे पुसलं मीच, पण मुद्दाम नाही, मला माहीतच नव्हतं. मग सीड फाइल म्हणजे काय ते समजावायला लागले. की ती फाइल जुनी असते, तिच्यात तुम्ही नवीन लिहिलेलं नसतं, ती चालवली की सगळं जुन्यासारखं होतं. बाबांनी पेपर बाजूला ठेवून ऐकून घेतलं.

"पण चालवली कोणी?" त्यांनी विचारलं.

"मी."

"मग झालं तर."

मी परत पहिल्यापासून सांगायला लागले. आवाज चढला माझा. मी म्हटलं, नऊ घरांचं गेलं, तुमचं एकट्याचं नाही गेलं. तुम्ही मला एक फोन केला असता तर तेव्हाच कळलं असतं. बाकीच्या आठ जणांनी नाही का केला, शिव्या घातल्या, मी ऐकून घेतल्या. तुम्ही काय करता, तर बोलणं बंद करता. दर वेळी तेच.

चिडले की बाबा मालवणीवर येतात.

"तुका नको होता, तर तसा सांगूक व्हया होता," ते म्हणाले. "माका वाटला, तुझो राग अजून गेलो नाय."

माझा राग. मी इतकी वर्षं त्यांचा राग गेला की नाही याचा अंदाज घेत होते, आणि ते माझ्या रागाचा. मी त्यांना विचारलं की काय लिहिलं होतं, सांगा, मी आत्ता परत घालते, दोन मिनिटांत. त्यांनी सांगितलं नाही. फोन घेतला, चष्मा लावला आणि स्वतःच लिहायला बसले.

एका बोटाने. मला हात लावू देईनात. मी बाजूला बसून बघत होते आणि बघवत नव्हतं. माझं नाव लिहायला त्यांना पाच मिनिटं लागली, जोडाक्षर चुकलं, परत सगळं खोडलं. आडनाव त्यांनी माझं आताचं लिहिलं, माहेरचं नव्हे, आणि मला न विचारता बरोबर लिहिलं. मग नात्याचा रकाना आला. त्यांनी यादी वरपासून खालपर्यंत सरकवली आणि 'इतर' निवडलं.

मी म्हटलं, इतर काय बाबा?

त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. "तूच केलेली यादी आहे. दाखव मला यात कुठे आहे ते."

मी बघितलं. 'मुलगी (अवि.)' होतं. अविवाहित मुलगी. लग्न झालेली मुलगी काकांच्या रकान्यात कधी नव्हतीच, म्हणून मी उचललेल्या यादीतही नव्हती. काकांवर चिडून मी घरी गेले होते आणि त्यांचाच नियम स्वतःच्या हाताने नव्या अ‍ॅपमध्ये घातला होता, तोही न वाचता. आणि बाबांनी बुधवारी तीच यादी वर-खाली करून शेवटी मला 'इतर' म्हणून घातलं होतं. आईने हे सांगितलं नव्हतं.

मी त्यांना थांबायला सांगितलं आणि पिशवीतून लॅपटॉप काढला. 'अवि.' काढून टाकलं, नुसतं 'मुलगी' ठेवलं. ते वेबसाइटवर चढेपर्यंत बाबा हातात फोन धरून बसले होते. मी मान हलवल्यावर त्यांनी ते निवडलं. पुढे पत्ता लिहिला, मुलुंडचा, पिनकोडसकट. मला वाटलं झालं. पण त्यांनी आणखी एक ओळ उघडली, थोडा वेळ बघत बसले, आणि फोनवरून नजर न उचलता म्हणाले, "जावई पण घाल त्यात."

मी नात्यांच्या यादीत 'जावई' घातलं. नातीसाठी काही करावं लागलं नाही. 'नात' त्या यादीत आधीपासून होतं.

त्या दुपारी त्यांनी तिघांची नावं पूर्ण करेपर्यंत पाच वाजले. नवरा वर आला तेव्हा त्यांनी त्याला फोन दाखवला आणि स्पेलिंग बघून घे म्हणाले. त्याने बघितलं, बरोबर आहे म्हणाला. आईने चहा टाकला.

सोमवारी मी पहिलं काम केलं ते म्हणजे सीड फाइलची दिशा उलटी केली. आता ती फाइल आपल्या मनाने वेबसाइटमध्ये काही ओतत नाही. आधी चालू वेबसाइटवरची सगळी रेकॉर्ड बाहेर निघतात, त्यांची फाइल बनते, आणि मला काही बदलायचं असेल तर मी त्या ताज्या फाइलवर बदलते. चालू डेटाबेस पुसायची परवानगीच मी काढून टाकली. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. बाकीच्या आठ घरांना मी पुन्हा लिहायची विनंती केली. सातांनी लिहिलं. एकाने सांगितलं की आता माझ्याकडून होणार नाही, तू ये आणि लिही. त्यांच्याकडे जाऊन आले, नाहूरला.

मला वाटलं होतं की एका शब्दातून दोन अक्षरं काढली, कोणाच्या लक्षात येणार नाही. पंधरा दिवसांत घरोघरी मुली वाढायला लागल्या. कोणी सांगितलं नव्हतं, पण यादीत 'मुलगी' दिसली की लोक घालत होते. डोंबिवलीच्या मुली, पुण्याच्या मुली, एक तर दुबईची, नवऱ्याच्या नंबरसकट. कमिटीत कुरकुर सुरू झाली. सेक्रेटरीकाकांची अडचण वेगळी होती आणि तीही खरी होती. मुलीचं नाव सासरच्या गावाच्या यादीतही असणार, मग मयताचा फोन कोणी करायचा, की दोन्हीकडून जाणार? बाबा त्या बैठकीत होते. मी नव्हते. मला नंतर कळलं की बाबा म्हणाले, दोन फोन गेले तर काय बिघडलं, कोणी मेलं तर नाही ना जास्तीचं. त्यावर सगळे हसले आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला. तो अजून पुढच्या बैठकीवरच आहे.

काकांनी त्यांच्या मशीनवरचा शेरा काढला का, हे मी विचारलेलं नाही. बाबांनी सांगितलं असेल तर काढला असेल.

परवा ऑफिसातून निघताना एका बाईंचा फोन आला. बोरिवलीला राहतात, आमच्याच गावच्या, पण मी त्यांना कधी भेटलेली नाही. त्यांच्या वडिलांनी त्यांचं नाव यादीत घातलं होतं. वडील मध्यंतरी वारले. आता घराचा पासवर्ड भावाकडे आहे, आणि भावाने त्यांचं नाव काढून टाकलं. तेवढं परत घालाल का, त्यांनी विचारलं. मी नेहमीचं उत्तर दिलं, की मला तसा अधिकार नाही, घराची माहिती घरचा कर्ता माणूसच बदलू शकतो.

"हे कोणी ठरवलं?" त्या म्हणाल्या. चिडून नाही, खरंच माहीत नाही म्हणून विचारल्यासारखं.

मंडळाने ठरवलं, असं माझ्या ओठांवर आलं होतं. पण मंडळाने असलं काही ठरवलेलं नाही. एका घराला एक पासवर्ड हे मी ठरवलं होतं, सोपं पडतं म्हणून, बहुतेक काकांच्या शेजारी बसल्या बसल्याच. मी त्यांना उद्या कळवते म्हटलं. घरी आले, लॅपटॉप उघडला, आणि तो भाग किती ठिकाणी बदलावा लागेल ते मोजायला लागले. बऱ्याच ठिकाणी.